मॅक्रो लेन्सवाचून

बारीक वस्तू जवळून टिपण्याचे मनात आले तेव्हा माझ्याजवळ एक सेकंडहँड कॅनन डीएसएलआर, त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ ची किट लेन्स, ५५-२५० ची झूम आणि ५० एमएमची एफ/१.८ लेन्स एवढे साहित्य होते. चांगली मॅक्रो लेन्स, म्हणजे खास याच कामासाठी बनवलेली लेन्स, घ्यायची म्हटले तर या सगळ्याला मिळून जेवढे पैसे पडले होते त्याहून जास्त मोजावे लागणार होते, आणि हा नाद टिकणार की नाही हेच ठाऊक नसताना एवढा खर्च करणे मला पटत नव्हते. म्हणून आहे त्या लेन्सांना थोडीफार जोड देऊन कुठवर जाता येते ते पाहायचे ठरवले. हे सगळे सोलापुरात, बहुतांशी घराच्या गच्चीवर आणि शहराबाहेरच्या माळावर घडले. वस्तू मोठी करून दाखवणे हा या उद्योगातला सर्वांत सोपा आणि स्वस्त भाग आहे, हे माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आले. खरा कस लागतो तो उजेडाशी आणि हलण्याशी.

आधी मोजमापाचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे काहीच उलगडणार नाही. मॅक्रोमध्ये ज्याला १:१ म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्यावर, उमटली पाहिजे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे स्टीलच्या पट्टीचे छायाचित्र काढल्यावर चौकटीत या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण २२ मिलिमीटरच्या रेघा दिसल्या, तर १:१ साधले असे समजायचे. एका रविवारी गच्चीच्या कठड्यावर पट्टी ठेवून मी तिन्ही लेन्सा सर्वांत जवळच्या अंतरावरून तपासल्या. किट लेन्सला सुमारे ६२ मिलिमीटर दिसले, म्हणजे ०.३६ पट. झूमला ०.२९ पट आणि ५० एमएमच्या लेन्सला, जिचे एरवी एवढे कौतुक होते तिला, अवघे ०.२१ पट. बहुतेक जण किट लेन्स पहिल्यांदा बाजूला टाकतात, पण बिनखर्चात जवळचे टिपण्याच्या कामी ती तिघींत उजवी निघाली, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने आवर्जून तपासून पाहावे.

सरावाला विषय कोणता घ्यायचा, हा प्रश्न सोलापुरात पडत नाही. घरोघरी चादरी आहेत, टॉवेल आहेत. ते उडून जात नाहीत आणि त्यांचा धागा न् धागा कसा दिसायला हवा हे सांगणारी माणसे शेजारीच राहतात. आमच्या गल्लीतले अण्णा कित्येक वर्षे चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे कामगार, होते. मी चादरीवर कॅमेरा रोखून बसलेला पाहून त्यांनी विचारले, "काय बघायलास एवढं?" मी सांगितले, तसे ते घरात जाऊन पितळेची घडी होणारी पिक ग्लास घेऊन आले. "ह्यातनं बघ की आधी. मग काढ काय काढायचं ते."

पिक ग्लास ही कापड तपासण्याची जुनी वस्तू. घडी उलगडली की तळाला एक इंच चौरसाची खिडकी आणि तिच्यावर बरोबर ठरलेल्या उंचीवर एक भिंग. ती कापडावर उभी करायची आणि त्या इंचभरात ताण्याचे उभे धागे किती, बाण्याचे आडवे किती, ते सुईच्या टोकाने मोजायचे. तिला फोकस करावा लागत नाही, कारण चौकटीची उंची भिंगाच्या फोकल लेंग्थला, म्हणजे भिंग जिथे उजेड एकवटते तिथवरच्या अंतराला, जुळवूनच ठेवलेली असते. लेन्सपुढे लावायच्या क्लोज-अप फिल्टरचे सारे तत्त्व यात आले. आपली लेन्स अनंतावर ठेवायची, तिच्यापुढे भिंग धरायचे, की त्या भिंगाच्या फोकल लेंग्थएवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. अण्णांची पिक ग्लास मी मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून चादरीवर टेकवली, तेव्हा एरवी चार बोटांवरूनही धूसर दिसणारी वीण लख्ख उमटली. कडांना रंग फाटत होते, तरीही. (सूक्ष्मजीव प्रथम पाहणारा सतराव्या शतकातला अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी होता आणि त्याची सूक्ष्मदर्शके एकाच इवल्या भिंगाची होती, हे त्या दिवशी अण्णांना सांगितले. "मग? कापडवालाच असणार," एवढेच ते म्हणाले.)

बाजारात मिळणाऱ्या +१, +२, +४, +१० अशा क्लोज-अप फिल्टरांच्या संचाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हे आकडे डायॉप्टरचे, म्हणजे भिंगाच्या शक्तीचे, असतात. +४ म्हणजे २५ सेंटिमीटर फोकल लेंग्थ, +१० म्हणजे १० सेंटिमीटर. संच काही शे रुपयांत येतो, पण काच एकेरी असल्यामुळे +१० लावल्यावर प्रत्येक पांढऱ्या धाग्याच्या एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी किनार दिसते. +२ आणि +४ पुष्कळ सुसह्य आहेत. ज्याला फक्त फुले काढायची आहेत त्याने झूम लेन्सवर +२ लावावा आणि बाकीच्या भानगडीत पडू नये.

मी पुढे एक्स्टेन्शन ट्यूब घेतल्या. या निव्वळ पोकळ नळ्या असतात, आत काच नसते, त्यामुळे प्रतिमेत नवा दोष शिरत नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये त्या बसवल्या की लेन्स सेन्सरपासून दूर जाते आणि अधिक जवळचे पाहू लागते. हिशेब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढी पट वाढते. संचात १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्या असतात. ५० च्या लेन्सला (हा आकडा म्हणजेच तिची मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ) ३६ ची नळी लावली की ०.७२ पट वाढ होते, त्यात लेन्सचे स्वतःचे ०.२१ मिळवले की ०.९३. म्हणजे चौकटीत सुमारे २४ मिलिमीटर कापड मावते, जवळजवळ पिक ग्लासच्या खिडकीएवढे. मघाशी सर्वांत मागे पडलेली ५० ची लेन्स नळीवर चढताच सर्वांत कामाची ठरली, कारण फोकल लेंग्थ लहान असेल तेवढी त्याच नळीतून वाढ अधिक मिळते. मात्र फार लहानही चालत नाही. किट लेन्स १८ वर ठेवून नळी लावली तर फोकसची जागा काचेच्या इतकी लगत किंवा थेट लेन्सच्या आतच येते, की तिथे वस्तू ठेवायला वावच उरत नाही.

नळ्या घेताना आतले सोनेरी संपर्क असलेल्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनसंपर्काच्या नळ्या फार स्वस्त असतात, पण कॅननच्या लेन्सला अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे पात्यांचे छिद्र, मिटण्याची आज्ञा कॅमेऱ्याकडून विजेने मिळते. संपर्क नसला की अॅपर्चर सताड उघडे राहते आणि एफ/१.८ ला (एफचा आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे आणि स्पष्ट येणारी खोली कमी) एका धाग्याचीही पूर्ण जाडी स्पष्ट येत नाही.

नळ्यांवर काढलेल्या पहिल्या चित्रांत चादर मला कागदावर छापल्यासारखी सपाट दिसत होती. फ्लॅश समोरून पडत होता, एवढेच त्याचे कारण. चादर खिडकीशी नेऊन उजेड अगदी कडेने, कापडाला घासून जाईल असा घेतला, तेव्हा ताणा कुठे वर येतो आणि बाणा कुठे त्याच्याखाली दबतो ते सावल्यांमुळे दिसू लागले. टॉवेलमध्ये तर याहून मौज आहे. टर्किश टॉवेलच्या फण्या, म्हणजे त्याचे ते मऊ वेटोळे, वेगळ्या सैल ताण्यातून उभे राहतात. खालचा घट्ट ताणा आणि वरचा सैल ताणा हे दोन्ही कडेच्या उजेडात एकाच चौकटीत ओळखू येतात. नव्या आणि पुष्कळदा धुतलेल्या टॉवेलचे वेटोळे शेजारी ठेवून काढले, तेव्हा जुन्याचे तंतू सुटून एकमेकांत गुंतलेले दिसले. ते चित्र अण्णांनी बराच वेळ पाहिले आणि सूत कोणत्या प्रतीचे असावे यावर मला एक छोटे व्याख्यान मिळाले.

त्यानंतर रिव्हर्स रिंग. लेन्स उलटी करून, तिचा पुढचा फिल्टरचा आटा कॅमेऱ्याकडे करून बसवायची एक चपटी कडी म्हणजे रिव्हर्स रिंग. माझ्या किट लेन्सचा आटा ५८ मिलिमीटरचा आहे, म्हणून ५८ ची कडी. लेन्स उलटी केल्यावर काय होते ते असे समजावे: कॅननची लेन्स एरवी आपल्या मागच्या कडेपासून ४४ मिलिमीटरवर असलेल्या सेन्सरवर प्रतिमा पाडते; उलटी केल्यावर तेच ४४ मिलिमीटर वस्तूच्या बाजूला येतात. म्हणून वस्तू लेन्सच्या मागच्या कडेपासून साधारण तेवढ्याच अंतरावर ठेवावी लागते, आणि झूम फिरवून वाढ बदलता येते. ५५ च्या बाजूला ती १:१ च्या अलीकडे राहते आणि १८ च्या बाजूला तिपटीच्याही पुढे जाते. काही शे रुपयांच्या कडीने कोणतीही साधी मॅक्रो लेन्स देत नाही एवढी वाढ दिली, ही गोष्ट मला आजही थोडी अजब वाटते.

उलट्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलता येत नाही, त्यामुळे अॅपर्चरची युक्ती करावी लागते. लेन्स आधी सरळ बसवायची, एफ/८ ठेवायचे, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट येणारी खोली, पाहण्याचे लेन्सशेजारचे बटण दाबून धरायचे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स काढायची. पाती मिटलेल्या अवस्थेत तशीच राहतात, मग लेन्स उलटी चढवायची. निकॉनच्या ज्या लेन्सांना अॅपर्चरची कडी नसते त्यांत उलटा प्रकार असतो. लेन्स काढली की अॅपर्चर पार मिटते आणि मागची छोटी दांडी कागदाची घडी खोचून उघडी ठेवावी लागते. जुन्या ५० एमएम एफ/१.८ डी सारख्या लेन्सांवर अॅपर्चरची कडी असते, त्यामुळे त्या या कामाला फार सोयीच्या.

आपल्याकडे यात एक अडचण अधिक आहे, ती धुळीची. उलट्या लेन्सची नाजूक मागची बाजू आणि तिचे संपर्क उघड्यावर येतात, आणि मार्चपासून पुढे सोलापूरच्या माळावर वाऱ्याबरोबर माती कशी उडते ते इथल्या वाचकाला सांगायला नको. मी लेन्सच्या मागचे एक जादा झाकण घेतले, त्याच्या मधोमध गोल भोक पाडले आणि ते उलट्या लेन्सवर कायमचे बसवून टाकले. काच आत राहते, संपर्क झाकले जातात आणि आडवा उजेडही अडतो.

आता उजेडाचे. १:१ ला एफ/८ ठेवले तर माझ्या सेन्सरवर स्पष्ट येणारी खोली जेमतेम ०.६ मिलिमीटर असते. तिप्पट वाढीला ती ०.१४ मिलिमीटरच्या आसपास येते. एफ/२२ करून ती वाढवू म्हटले तर दुसरीकडून फटका बसतो, कारण लेन्स वस्तूच्या जितकी जवळ जाते तितके तिचे अॅपर्चर प्रत्यक्षात लहान होत जाते. १:१ ला एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते, म्हणजे दोन स्टॉप उजेड गेला (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), आणि त्याहून मिटत गेलो की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून मी एफ/८ ते एफ/११ च्या बाहेर सहसा जात नाही. एवढ्या कमी उजेडात हातात धरून किडा टिपायचा तर फ्लॅशला पर्याय नाही, आणि उघडा फ्लॅश मुंगळ्याच्या चकचकीत पाठीवर असा पांढरा डाग पाडतो की खालची वीण पुसूनच जाते. एप्रिलमधले दुपारचे ऊनही नेमके तेच करते.

माझ्या लेखी सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू कोणतीही लेन्स किंवा नळी नसून फ्लॅशपुढचा पडदा ही आहे. उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या आकारावर नव्हे तर वस्तूच्या मानाने तो किती मोठा दिसतो यावर ठरते. मुंगळ्यापुढे तळहाताएवढा पडदा दोन इंचांवर आणला तर तो त्याला आभाळाएवढा. नव्या टीव्हीच्या खोक्यातून निघालेला पातळ पांढरा फोम, बटर पेपरचा एक थर आणि हे दोन्ही वाकवून धरायला पुठ्ठ्याची चौकट, एवढ्यावर माझा पडदा तयार झाला. तो फ्लॅशपासून पुढे येऊन लेन्सच्या टोकावर झुकतो. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश हाताने १/१६ शक्तीवर. फ्लॅश इतक्या कमी शक्तीवर असला की त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताची थरथर आणि वाऱ्याने डोलणारे पान दोन्ही गोठतात. मागची पार्श्वभूमी काळी पडते ती मात्र मला आवडत नाही, म्हणून किड्याच्या मागे, थोड्या अंतरावर, एखादे हिरवे पान चिमट्याने अडकवतो.

सोलापूरचा छायाचित्रकार म्हटले की लोकांना नान्नजचा माळढोक आणि काळवीट आठवतात, आणि त्यासाठी हातभर लांबीच्या लेन्सा. मी माझ्या आखूड लेन्सा घेऊन गेलो तो रुईच्या झुडपांकडे, जी आपल्याकडे प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आपोआप उगवतात. एका रुईवर काय काय असते हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही: कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा, त्याचे पाय तेवढे काळे, तो खायला आलेला ढालकिडा, पानाखाली बिबळ्या कडवा या फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. मावा जागचा हलत नाही, म्हणून उलट्या लेन्सचा हात बसवायला तो उत्तम. डाव्या हाताने फांदी धरायची, त्याच हातावर लेन्सचे टोक टेकवायचे, म्हणजे फांदी आणि कॅमेरा एकत्र हलतात. मग फोकसची कडी न फिरवता सगळे शरीर किंचित पुढे-मागे झुलवत डोळे स्पष्ट दिसतील त्या क्षणी शटर दाबायचे. चित्रे भरपूर वाया जातात, त्याला इलाज नाही. एक सूचना मात्र गंभीरपणे करतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते. पान मोडू नये, आणि फांदी धरलेला हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये.

काही जण किडा शांत बसावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवतात. मला ते पसंत नाही, आणि त्याची गरजही नाही. हिवाळ्यात, सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, सकाळी ज्वारीच्या रानात गेले की थंडीने आखडलेले नाकतोडे आणि टोळ दव अंगावर घेऊन पानाला चिकटून बसलेले सापडतात आणि ऊन तापेपर्यंत हालचाल करत नाहीत. वाराही त्या वेळी पडलेला असतो.

उलट्या लेन्सचे दुखणे म्हणजे तिचे तोकडे अंतर. चालता किडा एवढ्या जवळ येऊ देत नाही, आणि आला तरी त्याच्यावर आपलीच सावली पडते. यावर मी जो खर्च केला त्याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला: रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची, एकाहून अधिक काचा जोडून रंगदोष काढलेली भिंगाची जोड. ती चिमट्यासारखी झूम लेन्सच्या तोंडावर बसते. पिक ग्लासचाच न्याय लावला तर ८ डायॉप्टर म्हणजे साडेबारा सेंटिमीटर अंतर, आणि २५० एमएमवर वाढ दुप्पट. ऑटोफोकस आणि अॅपर्चर दोन्ही चालू राहतात, आणि नको तेव्हा क्षणात काढून खिशात टाकता येते.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माळावर मृगाचे किडे निघाले ते मी याच जोडीने टिपले. मखमली लाल, आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या गोतातला हा जीव काळ्या मातीवर सावकाश चालतो आणि हात लावला की पाय आखडून घेतो. चाल मंद असल्याने तो सोपा वाटतो. कठीण आहे तो त्याचा रंग. कॅमेऱ्याचे मापन योग्य म्हणते तिथेही लाल रंगाची पट्टी टोकाला जाऊन धडकते आणि सगळी मखमल एक सपाट लाल ठिपका होऊन बसते. म्हणून एकूण हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, विसंबून न राहता लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगळे उघडून पाहावेत, लाल पूर्णपणे आत येईपर्यंत उजेड कमी करावा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढावे. एक स्टॉप खाली आणून काढलेल्या चित्रात त्याच्या पाठीवरचे केस सुटे दिसले, आणि त्यांत अडकलेले मातीचे कणही. त्यासाठी मात्र ओल्या मातीत पोटावर झोपावे लागले, आणि कोपराखाली ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवली नसती तर हात स्थिर राहिला नसता.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेली चित्रे एकत्र करून सगळे स्पष्ट असलेले एक चित्र बनवणे, मी फक्त कापडासाठी आणि खिडकीत मरून पडलेल्या माश्यांसाठी वापरतो. नळीवर ५० ची लेन्स, कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला आणि कॅननच्याच ईओएस युटिलिटी या सॉफ्टवेअरमधून फोकस एकेक पायरी पुढे सरकवत काढलेली चित्रे. नंतर ती एकत्र करायला ह्यूगिन या चित्रे जोडण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळणारी साधने पुरतात. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात सोलापुरात हे काम रात्री उशिराच करावे.

सध्या माझा शोध वेगळ्याच दिशेने चालला आहे. शहरातल्या एका बंद झालेल्या जुन्या स्टुडिओच्या अडगळीतून डार्करूमच्या एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे छायाचित्र काढण्याच्या यंत्राची, ५० एमएमची लेन्स हाती लागली. एन्लार्जरच्या लेन्सा जवळच्या अंतरासाठी आणि सपाट पृष्ठासाठीच बनवलेल्या असतात, म्हणून चादरीच्या चौकटीचे चारही कोपरे ज्या सारखेपणाने ती उमटवते तसे माझ्या दुसऱ्या कोणत्याही लेन्सला जमलेले नाही. अॅपर्चर तिच्या अंगावरच्या कडीने हाताने फिरते, त्यामुळे बटण दाबून धरण्याचा खटाटोपही गेला. तिचा मागचा आटा ३९ मिलिमीटरचा आहे. तो कॅननला जुळवणारी कडी मागवली आहे, तोवर काळी चिकटपट्टी लावून काम चालू आहे.